पीटर सेलर्स यांचा पहिला अल्बम 'द बेस्ट ऑफ सेलर्स': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा अल्बम नेमका काय आहे?

ब्रिटिश विनोदी नट पीटर सेलर्स यांची ही पहिली लाँग-प्ले तबकडी. पार्लोफोन कंपनीने ती 1958 साली काढली आणि तिची निर्मिती जॉर्ज मार्टिन यांनी केली. तबकडी दहा इंचांची असून तिच्यावर आठ तुकडे आहेत. त्यांतली काही गाणी आहेत, काही नुसती बोललेली प्रहसने आहेत, तर काहींमध्ये बोलणे आणि संगीत एकमेकांत इतके मिसळले आहे की त्यांना कोणत्या खान्यात टाकावे हे ठरवता येत नाही. ब्रिटनमधील अल्बमच्या विक्रीच्या यादीत ही तबकडी तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली आणि त्या यादीत 47 आठवडे टिकली. निम्म्याहून अधिक भागात कोणी गातच नाही, अशा तबकडीच्या वाट्याला आलेले हे यश मला आजही विलक्षण वाटते.

पहिल्याच अल्बमचे नाव 'बेस्ट ऑफ' कसे? हे जुन्या ध्वनिमुद्रणांचे संकलन आहे का?

नाही. हा प्रश्न सर्वाधिक वेळा विचारला जातो आणि तो रास्तही आहे, कारण एरवी 'बेस्ट ऑफ' म्हटले की कलावंताच्या दहा-वीस वर्षांच्या कामातून निवडलेल्या वेच्यांचा संग्रह आपल्यासमोर येतो. येथे मात्र तो केवळ शब्दांवरचा श्लेष आहे. सेलर्स हे आडनाव आणि भरपूर खपणाऱ्या वस्तूसाठी वापरला जाणारा 'बेस्ट-सेलर' हा शब्द यांची ती सांगड आहे. पुढे तबकडी खरोखरच भरपूर खपली आणि नाव सार्थ ठरले.

अल्बमच्या आधी सेलर्स कोण होते?

सेलर्स यांचा जन्म 8 सप्टेंबर 1925 रोजी पोर्ट्समथजवळच्या साउथसी येथे झाला. आईवडील दोघेही रंगमंचावर करमणुकीचे कार्यक्रम करणारे असल्यामुळे मुलाचे बालपण विंगेतच गेले. त्यांनी ढोलवादक म्हणून सुरुवात केली, ही गोष्ट अल्बम ऐकताना लक्षात ठेवावी, कारण बोलण्यातील त्यांची लय, वाक्य कोठे तोडायचे, किती थांबायचे आणि कोणत्या शब्दावर ठोका द्यायचा याची जाण मुळात ताल धरणाऱ्या माणसाची आहे. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात भरती झाले आणि सैनिकांच्या करमणुकीसाठी नेमलेल्या पथकाबरोबर भारत, श्रीलंका आणि ब्रह्मदेशापर्यंत फिरले.

युद्धानंतर काम मिळेना, तेव्हा 1948 साली त्यांनी जे केले ते या अल्बमची प्रस्तावना म्हणूनच वाचावे. बीबीसीचे निर्माते रॉय स्पीअर यांना त्यांनी दूरध्वनी केला, तो केनेथ हॉर्न या त्या वेळच्या अतिशय लोकप्रिय रेडिओ कलाकाराच्या आवाजात. मग हॉर्न यांचे सहकारी रिचर्ड मर्डॉक यांच्या आवाजातही ते बोलले. पीटर सेलर्स नावाचा एक तरुण फार गुणी आहे, त्याला संधी द्या, अशी शिफारस या दोन आवाजांनी केली. शेवटी आपण स्वतःच सेलर्स आहोत, हे त्यांनी कबूल केले. स्पीअर चिडले, पण त्यांनी चाचणीला बोलावले आणि काम मिळाले. समोर चेहरा नाही, पोशाख नाही, केवळ तारेतून येणारा आवाज आहे आणि त्या आवाजावर ऐकणाऱ्याचा संपूर्ण विश्वास बसला आहे. दहा वर्षांनंतर तबकडीवर त्यांनी नेमके हेच केले.

1951 ते 1960 या काळात बीबीसीवर चाललेल्या 'द गून शो' या विनोदी रेडिओ कार्यक्रमाने त्यांचा आवाज ब्रिटनमध्ये घरोघरी पोहोचवला.

हे त्यांचे पहिलेच ध्वनिमुद्रण होते का?

पहिला अल्बम होता, पहिले ध्वनिमुद्रण नव्हते. 1953 साली मार्टिन यांनीच त्यांच्याकडून 'जाका अँड द फ्लाइंग सॉसर्स' ही लहान मुलांसाठीची अंतराळकथा ध्वनिमुद्रित करून घेतली होती आणि ती अजिबात चालली नाही. 1957 साली 'एनी ओल्ड आयर्न' हे जुन्या म्युझिक हॉलमधले, म्हणजे गाणी आणि विनोद यांचे खेळ करणाऱ्या थिएटरांतले गाणे त्यांनी स्किफल या त्या काळी गाजत असलेल्या शैलीत म्हटले आणि ते ब्रिटनच्या एकल गाण्यांच्या यादीत सतराव्या क्रमांकापर्यंत गेले. अल्बम आला तो या एका अपयशानंतर आणि एका बऱ्यापैकी यशानंतर.

दहा इंची लाँग-प्ले म्हणजे काय, आणि त्याने फरक काय पडतो?

मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन ते चार मिनिटे मावत. आपल्याकडच्या जुन्या नाट्यपदांच्या तबकड्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हे सांगण्याची गरज नाही. रात्र-रात्र रंगणारे पद तीन मिनिटांत कसे आटोपले जाई, ते त्यांनी अनुभवले आहे. विनोदाचेही तेच होते. तीन मिनिटांत एक विनोदी गाणे बसते, पण एखादे गाव, त्यातली माणसे आणि त्यांचे वातावरण उभे करून मग त्यावर हसवायचे असेल, तर तेवढा वेळ पुरत नाही. मिनिटाला 33⅓ फेरे घेणारी लाँग-प्ले तबकडी ब्रिटनमध्ये 1950 नंतर रुळली आणि तिच्या दहा इंची आवृत्तीवर एका बाजूला सलग दहा-पंधरा मिनिटे मिळू लागली. बोलक्या विनोदाला पाय पसरायला जागा मिळाली ती या तांत्रिक बदलामुळे. या अल्बमच्या दुसऱ्या बाजूवर पाच नव्हे, तीनच तुकडे आहेत आणि त्यांतले दोन चांगलेच लांब आहेत, ते याचमुळे शक्य झाले.

गाणी आणि बोलणे एकाच अल्बमवर का? त्यामुळे अल्बम विस्कळीत वाटत नाही का?

या अल्बमविषयी मला जे प्रामुख्याने सांगायचे आहे, ते याच उत्तरात आहे. गाणे आणि बोलणे या सेलर्स यांच्या दोन वेगळ्या कला नाहीत. दोन्हींमध्ये ते एकच काम करतात: एक माणूस ठरवायचा, त्याचे वय, त्याचा सामाजिक थर, त्याचे शिक्षण आणि त्याचा स्वतःविषयीचा गैरसमज हे सगळे आवाजात आणायचे आणि मग तो माणूस बोलेल किंवा गाईल, त्याला जे सुचेल ते करू द्यायचे. गाणे चांगले म्हणणे हा येथे उद्देशच नाही. 'या माणसाने' गाणे कसे म्हटले असते, हा प्रश्न आहे. म्हणून 'ऑल द थिंग्ज यू आर' हे जेरोम कर्न आणि ऑस्कर हॅमरस्टाईन यांचे 1939 सालचे प्रेमगीत या तबकडीवर आले, तरी आपण चालीबरोबर वाहत जात नाही, गाणाऱ्याकडे निरखून पाहतो.

मराठी श्रोत्याला ही जोडणी परकी वाटण्याचे कारण नाही. तमाशात लावणी आणि बतावणी शेजारी-शेजारी नांदतात. भारुडात सोंग घेणारा बोलता बोलता गाऊ लागतो आणि गाता गाता श्रोत्यांना चार शब्द सुनावतो. कीर्तनकार पूर्वरंगात गंभीरपणे निरूपण करतो आणि आख्यानात वेगवेगळ्या पात्रांचे आवाज काढतो. ब्रिटनमध्ये हीच परंपरा म्युझिक हॉलच्या रूपाने जिवंत होती आणि सेलर्स तिच्यातच वाढले होते. 1958 साली ती परंपरा दिवाळखोरीच्या वाटेवर होती, एकेक थिएटर बंद पडत होते आणि त्याच सुमारास तिचा वारसा एका तबकडीवर उतरला. म्हणून मला हा अल्बम विस्कळीत वाटत नाही; एकाच कलावंताने सजवलेला तो एक भरगच्च खेळ वाटतो.

'बॅलम, गेटवे टू द साउथ' इतके का गाजले?

कारण तो या अल्बमचा कळस आहे. हे प्रहसन फ्रँक म्यूर आणि डेनिस नॉर्डन या लेखकद्वयीने 1940 च्या दशकाच्या अखेरीस बीबीसीच्या एका रेडिओ कार्यक्रमासाठी लिहिले होते. अल्बमसाठी ते नव्याने ध्वनिमुद्रित झाले.

बॅलम हे दक्षिण लंडनमधले एक अगदी साधे उपनगर, नॉर्दर्न लाइन या भुयारी रेल्वेवरचे एक स्थानक. तेथे पाहण्यासारखे काही आहे, असे लंडनमधल्या कोणालाही वाटत नसे. प्रहसनात या उपनगराचे प्रवासवर्णन केले जाते आणि तेही अमेरिकी निवेदकाच्या भारावलेल्या, मधाळ आवाजात. 1930 आणि 1940 च्या दशकांत मुख्य चित्रपटाच्या आधी दूरदेशींच्या स्थळांविषयीचे रंगीत लघुपट दाखवले जात आणि त्यांत असाच आवाज असे. निवेदक गावाचे नाव 'बॅलम' असे न उच्चारता 'बाल-हॅम' असे दोन तुकड्यांत, 'ह' वर जोर देऊन उच्चारतो. स्थानिक माणूस ते नाव तसे कधीच घेणार नाही. हा माणूस बाहेरचा आहे, त्याने गावाविषयी कोणालाही विचारलेले नाही आणि तरीही तो सगळे काही समजल्याच्या थाटात सांगतो आहे, हे एका चुकीच्या उच्चारातून आपल्याला कळते.

पुढे हा निवेदक बाजारपेठेतल्या दुकानांच्या पाट्यांना तेथील रहिवाशांच्या दुर्मीळ लोककलेचा नमुना मानतो आणि त्या मोठ्या कौतुकाने वाचून दाखवतो. नंतर आपली भेट एका कारागिराशी होते. दात घासण्याच्या ब्रशला जी भोके असतात, ती भोके हाताने पाडण्याचा त्याचा व्यवसाय आहे. तो आपल्या कामाविषयी अत्यंत गंभीरपणे, पिढीजात कारागिराच्या नम्र अभिमानाने बोलतो. सेलर्स येथे आवाज किंचित खाली आणतात आणि बोलणे संथ करतात. त्या माणसाला आपण हास्यास्पद आहोत असे क्षणभरही वाटत नाही, आणि म्हणूनच हसू आवरत नाही. माझ्याजवळच्या जुन्या तबकडीवर नेमक्या याच जागी एक बारीक ओरखडा आहे. सुई तेथे एकदा अडखळते आणि त्या कारागिराचे एक वाक्य दोनदा ऐकू येते. गेली कित्येक वर्षे ते तसेच ऐकल्यामुळे स्वच्छ आवृत्ती कानावर पडली, तरी मी मनातल्या मनात ते वाक्य पुन्हा एकदा म्हणतो.

या तुकड्याचे एक अंग मला, एक भारतीय श्रोता म्हणून, विशेष भिडते. 'येथील लोक सुखी, समाधानी आहेत', 'ही पाहा त्यांची हस्तकला', 'हा पाहा त्यांचा बाजार' ही भाषा पाश्चात्त्य प्रवासपट आशिया आणि आफ्रिकेतल्या गावांविषयी वापरत आले होते. आपल्या गावांकडे, आपल्या सुतार-कुंभारांकडे त्या नजरेने पाहिले गेले आहे. म्यूर आणि नॉर्डन यांनी तीच भाषा जशीच्या तशी उचलून लंडनच्या एका उपनगराला लावली, आणि त्या भाषेतला वरवरचा जिव्हाळा, त्यामागचे अज्ञान आणि माणसांना देखावा समजण्याची सवय हे सगळे उघडे पडले. तुकडा ऐकताना कोणी उपदेश करत नाही; नजर फिरवली जाते, एवढेच.

'पार्टी पोलिटिकल स्पीच'मध्ये काय आहे?

एका राजकीय पुढाऱ्याचे भाषण आहे. सुरुवात धीरगंभीर होते, वाक्ये भारदस्त आहेत, चढउतार अचूक आहेत, मध्ये श्रोत्यांतून कोणीतरी 'कामगारांचे काय?' असे ओरडते आणि वक्ता तोच प्रश्न ठासून परत म्हणतो, जणू तेच उत्तर आहे. भाषण संपेपर्यंत पुढाऱ्याने एकही विधान केलेले नसते. लिखाणात पक्षाचे नाव नाही, धोरणाचे नाव नाही, कोणा खऱ्या व्यक्तीवर बोट नाही. त्यामुळे ते कोणत्याही देशात, कोणत्याही निवडणुकीत लागू पडते आणि साठ-पासष्ट वर्षांनंतरही शिळे झालेले नाही.

ऐकताना वक्त्याच्या श्वासाकडे लक्ष द्यावे. टाळ्यांसाठी जागा सोडण्याची, वाक्याच्या अखेरीस आवाज चढवून मग एकदम खाली आणण्याची लकब अनुभवी वक्त्याची आहे. इंग्रजीचा एक शब्दही न कळणाऱ्या माणसाला हा तुकडा ऐकवला, तरी हे सभेतले भाषण आहे, हे तो ओळखेल.

'द ट्रम्पेट व्हॉलंटिअर' या शीर्षकाचा अर्थ काय?

'ट्रम्पेट व्हॉलंटरी' ही ब्रिटनमध्ये लग्नसमारंभात हमखास वाजवली जाणारी जुनी धून. ती जेरेमाया क्लार्क यांची असूनही दीर्घकाळ हेन्री पर्सेल यांच्या नावावर खपत राहिली. प्रहसनात आयर्न या आडनावाच्या एका तरुण रॉक अँड रोल गायकाची मुलाखत आहे आणि त्याने या अभिजात धुनेवर आपला हात चालवला आहे. 'आयर्न' म्हणजे लोखंड. 1956 पासून ब्रिटनमध्ये टॉमी स्टील या रॉक गायकाची धूम होती आणि स्टील म्हणजे पोलाद, एवढे सांगितले की आडनावाचे मर्म कळते.

मुलाखतकाराचा सुसंस्कृत, काहीसा वरचढ स्वर आणि तरुण गायकाचे लंडनच्या कष्टकरी वस्तीतले तुटक बोलणे, दोन्ही आवाज अर्थातच सेलर्स यांचे आहेत. येथे टोमणा फक्त रॉक गायकाला नाही. ज्याला त्या संगीतातले काही कळत नाही आणि तरीही ज्याला चर्चा करायची आहे, त्या मुलाखतकारालाही तो तितकाच लागतो.

बाकीचे तुकडे कसे आहेत?

'आंटी रॉटर' हे लहान मुलांच्या रेडिओ कार्यक्रमाचे विडंबन आहे. बीबीसीवर 1950 पासून आईबरोबर ऐकायचा गोष्टींचा एक कार्यक्रम लागे, त्याच्या गोड-गोड स्वरात ही मावशी मुलांना भलतेच उद्योग शिकवते. 'सडनली इट्स फोक साँग' या शेवटच्या तुकड्यात लोकगीते गोळा करणाऱ्या रेडिओ कार्यक्रमांची नक्कल आहे. ज्यांनी आपल्याकडे ओव्या आणि भलरी गोळा करण्यासाठी गावोगाव ध्वनिमुद्रक घेऊन जाणारी माणसे पाहिली आहेत, त्यांना तो फार जवळचा वाटेल. 'वी नीड द मनी' आणि 'आय अॅम सो अशेम्ड' हे पहिल्या बाजूवरचे तुकडे छोटे आहेत. ते मी दुय्यम मानतो.

या अल्बमवर प्रेक्षकांचे हसणे ऐकू येत नाही. असे का?

कारण हा रंगमंचावरच्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण नाही. मार्टिन यांनी 1957 साली मायकल फ्लँडर्स आणि डोनाल्ड स्वान यांचा 'अॅट द ड्रॉप ऑफ अ हॅट' हा प्रयोग लंडनच्या एका थिएटरात, भरल्या सभागृहात ध्वनिमुद्रित केला होता. तेथे हशा आणि टाळ्या या कार्यक्रमाचाच भाग होत्या. सेलर्स यांचा अल्बम मात्र स्टुडिओत, चुंबकीय फितीवर घडवला गेला. एकच माणूस पाच-सहा आवाजांत बोलणार असेल, तर प्रेक्षकांसमोर त्याला एका आवाजातून दुसऱ्यात जाण्यासाठी क्षणभर थांबावे लागते आणि तो क्षण दिसतो. फितीवर तो क्षण कापून काढता येतो. दोन पात्रे एकमेकांचे बोलणे तोडू शकतात, मागे बाजाराचा किंवा सभेचा गलका ठेवता येतो, एक पात्र दूर उभे आहे आणि दुसरे अगदी कानाशी आहे, असा आभास निर्माण करता येतो.

हे तंत्र मार्टिन यांच्या हाती आधीपासून होते. 1952 साली पीटर उस्तिनोव्ह यांच्या 'मॉक मोझार्ट' या तबकडीसाठी त्यांनी एकाच माणसाचे आवाज एकावर एक चढवून अख्ख्या ऑपेरातली पात्रे उभी केली होती.

हशा नसल्याचा आणखी एक परिणाम होतो आणि तो फार महत्त्वाचा आहे. कोठे हसायचे, हे आपल्याला कोणी सांगत नाही. विनोदाची तबकडी लोक एकदा ऐकून बाजूला ठेवतात, अशी सर्वसाधारण समजूत असते. या अल्बमच्या बाबतीत ती खरी ठरत नाही, कारण दहाव्या वेळी ऐकताना आपण वेगळ्याच जागी हसतो.

जॉर्ज मार्टिन म्हणजे बीटल्सचे निर्माते तेच ना?

तेच. 1955 साली, वयाच्या 29 व्या वर्षी, ते पार्लोफोनचे प्रमुख झाले. ईएमआय समूहातली ती धाकटी, दुर्लक्षित शाखा होती. मोठे गायक इतर शाखांकडे जात. आपल्या शाखेला स्वतःची ओळख मिळवून देण्यासाठी मार्टिन विनोदी ध्वनिमुद्रणांकडे वळले आणि त्यात त्यांनी असे नाव कमावले की 1962 साली बीटल्स त्यांच्याकडे आले, तेव्हा सेलर्स आणि 'गून शो'चे लेखक स्पाइक मिलिगन यांच्या तबकड्या करणारा माणूस म्हणून त्यांच्याविषयी त्या तरुणांच्या मनात आधीच आदर होता. जॉन लेनन तर 'गून शो'चे निस्सीम चाहते होते.

बीटल्सच्या पुढच्या अल्बममधले ध्वनींचे प्रयोग, फितीची कापाकापी, गाण्यात अचानक येणारे भलतेच आवाज यांचे मूळ शोधायचे असेल, तर ते या विनोदी तबकड्यांमध्ये शोधावे, असे मला ठामपणे वाटते. 1965 साली वर्तुळ पूर्ण झाले: सेलर्स यांनी बीटल्सचे 'अ हार्ड डेज नाइट' हे गाणे शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्डच्या भूमिकेतल्या लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या थाटात बोलून दाखवले, आणि ते न गायलेले गाणे यादीत चौदाव्या क्रमांकावर गेले.

या अल्बमचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

थेट संबंध नाही, पण एक धागा आहे आणि तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ज्या 'गून शो'ने सेलर्स यांना घडवले, त्याचे मुख्य लेखक स्पाइक मिलिगन यांचा जन्म 16 एप्रिल 1918 रोजी अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये झाला. वडील ब्रिटिश भारतीय लष्करात होते. मिलिगन यांचे बालपण पुण्यात गेले, तेथेच ते शाळेत जाऊ लागले आणि पुढे हे कुटुंब रंगूनला गेले. त्यांच्या लेखनात भारतातल्या छावणीजीवनाचे, तेथल्या साहेबी अधिकाऱ्यांचे आणि मिश्र बोलीचे संदर्भ वारंवार येतात. 'गून शो'मध्ये लालकाका आणि बॅनर्जी ही दोन भारतीय पात्रे सेलर्स आणि मिलिगन मिळून करत. छावणीतला इंग्रज मेजर कसा बोलतो, हे मिलिगन यांनी लहानपणी आणि सेलर्स यांनी युद्धकाळात जवळून ऐकले होते.

मिलिगन यांचा स्वतःचा अल्बम 'मिलिगन प्रिझर्व्ह्ड' 1961 साली पार्लोफोननेच काढला. त्यातही गाणी आणि बोलणे शेजारी-शेजारी आहेत.

सेलर्स यांनी भारतीय माणसाची नक्कल केली होती. त्याविषयी काय म्हणावे?

त्या नकलेमुळे सर्वांत प्रसिद्ध झालेले ध्वनिमुद्रण या अल्बमनंतरचे आहे. 1960 साली सोफिया लॉरेन यांच्याबरोबर म्हटलेले 'गुडनेस ग्रेशस मी' हे गाणे यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेले आणि भारतीय डॉक्टरचा तो उच्चार ब्रिटनमध्ये पिढ्यान् पिढ्या भारतीय मुलांना चिडवण्यासाठी वापरला गेला. सेलर्स यांचा कान अचूक होता, हे मान्य करूनही त्या वापराचे दुःख कमी होत नाही. 'बॅलम'मध्ये हसण्याचा रोख बाहेरून येऊन बघणाऱ्यावर आहे. त्या गाण्यात तो ज्याच्याकडे बघितले जाते त्याच्यावर आहे. एकाच कलावंताच्या दोन कामांमधला हा फरक श्रोत्याने कानाआड करू नये.

इंग्रजी कितपत समजायला हवे?

रोजच्या वापरातले इंग्रजी येत असेल तर 'पार्टी पोलिटिकल स्पीच' पहिल्याच वेळी कळेल. 'बॅलम' दोनदा ऐकावे लागेल. खरी अडचण शब्दांची नसून थरांची आहे: ब्रिटनमध्ये माणसाने तोंड उघडताच त्याचा जिल्हा, त्याची शाळा आणि त्याच्या बापाचा व्यवसाय कळतो, असे मानले जाते आणि सेलर्स यांचा सगळा विनोद त्यावर उभा आहे. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. पेठेतला, वऱ्हाडातला, मालवणातला आणि कोल्हापूरचा माणूस एकच वाक्य बोलला, तर आपण डोळे मिटून त्यांना वेगळे ओळखतो. त्याच कानाने हा अल्बम ऐकावा.

तो आज कोठे आणि कोणत्या रूपात मिळतो?

मूळ दहा इंची तबकडी जुन्या तबकड्यांच्या बाजारात सापडते; विकत घेण्यापूर्वी ती उजेडात तिरपी धरून ओरखडे पाहावेत, कारण बोलक्या तबकडीत शांततेच्या जागा अधिक असल्याने खरखर गाण्यापेक्षा जास्त जाणवते. 1993 साली निघालेल्या 'अ सेलिब्रेशन ऑफ सेलर्स' या चार सीडींच्या संचात सेलर्स यांची या काळातली ध्वनिमुद्रणे एकत्र ऐकायला मिळतात.

हा अल्बम आवडला तर पुढे काय ऐकावे?

'साँग्ज फॉर स्विंगिंग सेलर्स' हा 1959 चा दुसरा अल्बम. तो पूर्ण बारा इंची आहे, त्याचे नाव फ्रँक सिनात्रा यांच्या एका गाजलेल्या अल्बमवरून घेतले आहे आणि तोही तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. त्यातले पहिले गाणे सिनात्रा यांच्या ढंगात हवे होते. सेलर्स यांना चाल आणि ढंग कळावा, म्हणून मार्टिन यांनी मॅट मन्रो या तेव्हा कामाच्या शोधात असलेल्या गायकाकडून ते आधी नमुन्यादाखल म्हणवून घेतले. ते इतके चांगले झाले की तोच नमुना 'फ्रेड फ्लँज' या खोट्या नावाने अल्बमवर ठेवला गेला. विनोदी कलावंताचा अल्बम त्यामुळे दुसऱ्याच्याच आवाजाने, तेही अस्सल, देखण्या गाण्याने सुरू होतो. आणि मन्रो यांची पुढची कारकीर्द मार्टिन यांच्या हाताखाली तेथून मार्गी लागली.